लठ्ठ अक्षरांची पाटी

सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे मागाहून गैरसमज नकोत. मी काढलेलं अक्षर लठ्ठ आहे आणि ते लठ्ठच राहणार. ते 'जरा बारीक करा' असं मला आजवर ज्यांनी ज्यांनी सुचवलं, त्यांत आमचे नगराध्यक्ष आहेत, पालिकेचे एक अधिकारी आहेत, शेजारचा न्हावी आहे आणि माझी सासू आहे. यांतल्या सासूला सोडून मी कुणालाही भीत नाही.

सान हासिंतो गावच्या शाळेत मी रेखाकला शिकवतो. टोकदार पेन्सिलीनं सरळ रेघ कशी मारावी हे मी गावाच्या दोन पिढ्यांना शिकवलं, आणि गावातल्या भिंती, कुंपणं आणि गटारं पाहिली की त्यांतलं कुणी काही शिकलं नाही हे लगेच कळतं. माझी बायको ओब्दुलिया बेकरी चालवते. बेकरी तिच्या दिवंगत वडिलांची, डोन माकारियोंची. नाव 'ला कोन्स्तान्सिया', म्हणजे चिकाटी. ओब्दुलियाला मी लग्नापासून 'जाडे' म्हणतो. ती अंगानं इतकी किरकोळ आहे की पिठाचं पोतं उचलते तेव्हा पोतंच चालत आल्यासारखं वाटतं. पण आमच्याकडे बायकोला जाडे म्हणायचं ते वजन करून नाही, लाडानं. ती मला म्हाताऱ्या म्हणते. ते मात्र वय बघून म्हणते.

ऑगस्टात एका सकाळी ती म्हणाली, "म्हाताऱ्या, पाटीचा रंग पार उडालाय. रंगाऱ्याला बोलाव."

"रंगारी? घरात रेखाकलेचा मास्तर असताना?"

"म्हणूनच म्हणतेय, रंगाऱ्याला बोलाव."

हे वाक्य मला लागलं. मी त्याच दिवशी कागद, पेन्सिल घेऊन बेकरीतल्या पिठाच्या फळीजवळ बसलो. एवढंच काम होतं. एक नाव, बारा अक्षरं, एक भिंत. दुपारच्या जेवणापर्यंत आटपेल असं मी सासूला सांगितलं आणि ती हसली.

आता अक्षर काढायचं म्हणजे काय, हे सामान्य माणसाला माहीत नसतं. तो अक्षर वाचतो आणि पुढं जातो. मी समोर बघत होतो. ओब्दुलियानं कोंचांचे, म्हणजे आमच्याकडच्या गोल गोड पावांचे, गोळे ताटात मांडून ठेवले होते. ठेवताना दोन गोळ्यांमध्ये बोटभर जागा होती. तासाभरात ते फुगले, एकमेकांना टेकले, आणि रविवारच्या प्रार्थनेला बाकावर बसलेल्या बायकांसारखे खांद्याला खांदा लावून बसले. कुणी कुणाला ढकलत नव्हतं, पण कुणी सरकतही नव्हतं. मी म्हटलं, हेच! अक्षरानं असंच बसायला पाहिजे. पोटभर फुगून, शेजाऱ्याला टेकून, सुखात.

मग मी झपाटलो. 'ओ'च्या आतलं भोक मी घेवड्याच्या दाण्याएवढं केलं. 'एस' जेवून लवंडलेल्या मांजरासारखा झाला. 'आय'नं मात्र छळलं. हे मुळातच काडीचं अक्षर. लठ्ठ करायला जावं तर नुसता लोड दिसतो. शेवटी मी त्याला खाली जरा बसका केला, वर एक टपोरा गोल ठेवला आणि तो खुशीत आला. या सगळ्या घराण्याला मी 'ला गोर्दा' असं नाव दिलं, म्हणजे जाडी. ओब्दुलियानं कागद उलटसुलट करून पाहिला. म्हणाली, "हे माझ्यासारखं कुठून दिसतं?"

"आतून," मी म्हटलं. त्या दिवशी मला गरम चॉकलेटचा कप न मागता मिळाला.

सासू दोन्या रेफुहियो वरच्या मजल्यावरून खाली येऊन कागद पाहून गेली. "आमच्या माकारियोची पाटी कशी नाजूक होती. ही तर जावईबुवांसारखी झालीय, जागा अडवून बसलेली." यावर मी पेन्सिलीला टोक काढत बसलो. कारण आधीच सांगितलंय.

दुसरा सल्ला शेजारून आला. आमच्या भिंतीला लागूनच डोन क्रिस्पीनचं केशकर्तनालय आहे. त्याच्या दारावर एक जुनी लाकडी पाटी आहे, तिच्यावर उघडा वस्तरा काढलेला आणि खाली नाजूक वळणाची अक्षरं. ती त्याच्या वडिलांनी स्वतः रंगवलेली. क्रिस्पीनला जगातल्या प्रत्येक विषयावर मत आहे आणि ते तो गिऱ्हाइकाच्या गळ्याशी वस्तरा धरून सांगत असल्यामुळे आजवर कुणी खोडून काढलेलं नाही. त्यानं शिडीवर चढलेल्या मला खालून विचारलं, "मास्तर, बाजूनं थोडं कमी करू या का?"

"नाही."

"निदान मागून बारीक करा. वरून राहू द्या."

"डोन क्रिस्पीन, हे डोकं नव्हे!"

"ते दिसतंच आहे."

मी त्याचं ऐकलं नाही आणि त्याचं फळ मला नवव्या अक्षराशी मिळालं. अक्षरं कागदावर मोजून काढली होती. पण भिंतीवर येताच ती माझ्या हातून अजून थोडी फुगली. लठ्ठ माणसाला चित्रातसुद्धा अर्धवट जागा देता येत नाही. नववं अक्षर झालं आणि आमची भिंत संपली. तीन अक्षरं उरली होती आणि पुढं क्रिस्पीनची भिंत होती.

आता शहाण्या माणसानं सगळं पुसून पुन्हा काढलं असतं. मी क्रिस्पीनकडे गेलो. त्यानं खूप विचार करून, मला दाढीच्या खुर्चीत बसवून, फेस लावून मग उत्तर दिलं. "तीन अक्षरं काढा. पण तुमचा तो शेवटचा 'ए' माझ्या वस्तऱ्यावर बसता कामा नये. तो वस्तरा माझ्या बापाचा आहे." मी शब्द दिला. शेवटचा 'ए' मी असा काढला, की तो वस्तऱ्याच्या पाटीकडे कौतुकानं वाकून बघतोय असं वाटावं.

पाटी पूर्ण झाली. लाल, पिवळी आणि कडेनं निळी. चौकातून दिसायची, चर्चच्या पायऱ्यांवरून दिसायची. लोक थांबून हसायचे, आणि तिला नव्हे, तिच्याबरोबर हसायचे. एवढं खरं, की नावाचा शेवट क्रिस्पीनच्या दारावर असल्यामुळे काही मंडळी पावासाठी त्याच्याकडे जायची. एका म्हातारबांनी त्याच्याकडे सहा कोंचा मागितल्या. त्यानं त्यांना खुर्चीत बसवलं, दाढी केली आणि मग आमच्याकडे पाठवलं. ते नंतर दर शनिवारी दोन्ही करायला लागले.

सप्टेंबरात नोटीस आली.

राजधानीतून 'देखणं गाव' अशी काहीतरी स्पर्धा निघाली होती आणि आमच्या नगराध्यक्षांना ती जिंकायची होती. देखणं होण्यासाठी सगळं गाव पांढरं रंगवायचं आणि सगळ्या पाट्या एकाच बारीक तपकिरी अक्षरात, वीतभर उंचीच्या करायच्या असं ठरलं. तपकिरी अक्षराचा नमुना नोटिशीला जोडला होता. ते अक्षर उपाशी होतं. त्याच्याकडे बघून मला त्याला काहीतरी खायला द्यावंसं वाटलं. जुन्या लहान पाट्यांना सवलत होती, त्यामुळे क्रिस्पीनचा वस्तरा वाचला होता. आमची नवी होती आणि लहान तर अजिबातच नव्हती.

मी पालिकेत गेलो. पहिल्या खिडकीनं सांगितलं, भिंतीचा फोटो आणा. फोटो नेला. दुसऱ्या खिडकीनं सांगितलं, फोटोत भिंत पूर्ण हवी. पूर्ण भिंतीचा फोटो काढायचा तर चौकाच्या पलीकडे जावं लागे, आणि तिथून काढला की मध्ये कारंजं, त्यावरची कबुतरं आणि क्रिस्पीनचं गिऱ्हाईक येई. तिसऱ्या खिडकीला तो फोटो कबुतरांसकट हवा होता, पण मोठा. सरतेशेवटी दाराएवढा फोटो बगलेत मारून मी लिसेन्सियादो उर्रुतिया यांच्यासमोर बसलो. आमच्याकडे टाय बांधून खुर्चीत बसणाऱ्या प्रत्येकाला लिसेन्सियादो म्हणतात. हा उर्रुतिया माझाच विद्यार्थी. यथार्थदर्शनाच्या चित्रात नापास झाला होता. त्यानं काढलेल्या आगगाडीचे रूळ क्षितिजाशी जवळ यायच्याऐवजी लांब गेले होते.

"मास्तर," तो म्हणाला, "अडचण उंचीची नाही. रंगाचीही नाही म्हणा."

"मग?"

त्यानं दार लावून घेतलं. "ही अक्षरं हसतायत."

"कुठलं?"

"सगळीच. तो 'ओ' तर फारच. नगराध्यक्षांना वाटतं, त्यांच्याकडे बघून हसतोय. त्यांची गाडी रोज तिथूनच जाते."

"त्यांना सांगा, तो सगळ्यांकडे बघून हसतो."

"सांगितलं. त्यांना ते जास्त लागलं."

मी त्याला ठणकावून सांगितलं की अक्षर बारीक होणार नाही, आणि तुझी सहीसुद्धा अजून उताराला लागलेली आहे, ती सरळ कर. फोटो मी परत घेऊन आलो. स्वाभिमान शाबूत होता, फक्त फोटो दारातून निघेना म्हणून शिपायानं मला आडवा करून बाहेर काढलं. म्हणजे फोटोला. मी मागोमाग आडवाच निघालो.

पुढच्याच आठवड्यात पालिकेची माणसं चुना घेऊन आली आणि पाटीवर फासून गेली. माझा रंग तेलाचा. दुसऱ्या दिवशी ऊन पडलं तसा चुन्याचा पापुद्रा सुटला आणि आधी 'ओ' बाहेर आला. हसतच. ती माणसं पुन्हा आली, पुन्हा फासलं, पुन्हा तेच. गावात पैजा लागायला लागल्या की आज कुठलं अक्षर आधी निघतं. मग मात्र नगराध्यक्षांनी पत्रे आणि पटाशा देऊन माणसं पाठवली. त्यांनी सगळं खरवडून काढलं, अगदी खालच्या थरापर्यंत, जिथं डोन माकारियोंची जुनी पाटी होती. तीही गेली. वर त्यांनी पांढरा तेलरंग दिला.

ओब्दुलिया हातांना पीठ लागलेलं तशीच बाहेर उभी राहून बघत होती. वडिलांच्या अक्षराचा शेवटचा निळा तुकडा खाली पडला तो तिनं उचलून एप्रनच्या खिशात ठेवला. मला फार वाईट वाटलं. इतकं, की मला त्या माणसांना एक नीट शिवीसुद्धा देता आली नाही. ती आत गेली आणि दिवसभर पीठ असं आपटत राहिली की क्रिस्पीनच्या आरशाला हादरे बसत होते.

आणि इथं माझ्या सासूबाई, ज्यांना ती पाटी कधीच आवडली नव्हती, जिना उतरून खाली आल्या. अंगावर काळे कपडे.

"मृतांचा सण आलाय," त्या म्हणाल्या. "आपल्या घरात या वर्षी एक मयत झालंय. वेदी कुठाय?"

"कोण मयत, आई?" ओब्दुलियानं विचारलं.

"पाटी. माझ्या नवऱ्याची आणि ह्या जावयाचीही. सणाला जेवायला येणाऱ्या मेलेल्याला उपाशी ठेवायची पद्धत नाही आपल्यात. चल, भट्टी पेटव. आणि जावईबुवा, तुमची ती ढोली अक्षरं कापा पिठातून. एक तरी उपयोग होऊ दे त्यांचा."

अक्षरं कापली. पहिला घाणा भट्टीतून निघाला तेव्हा मी हादरलो. 'ओ'चं भोक बुजून त्याचा नुसता पाव झाला होता आणि 'ए' कुणीतरी त्यावर बसल्यासारखा दिसत होता. कागदावर जी लठ्ठ होती ती भट्टीत जाऊन अतिलठ्ठ झाली होती. मी पुन्हा पेन्सिल उचलली. भोकं मोठी केली, कंबरा आवळल्या, कोपऱ्यांना खाचा दिल्या. पिठात ती अक्षरं रोडकी आणि दुःखी दिसत. भट्टीतून मात्र बरोब्बर माझी जाडी होऊन बाहेर येत. ओब्दुलियानं त्यांच्यावर अंडं फिरवून साखर भुरभुरली. एकेक अक्षर सुपाएवढं.

बेकरीसमोर फूटपाथवर, त्या पांढऱ्या भिंतीला लावून टेबल मांडलं. झेंडूच्या कमानी, मेणबत्त्या, कोपाल या धुपाचा धूर, मीठ, पाण्याचा पेला, मोलेचं कालवण, मक्याचे तमाल. मध्ये पालिकेनं परत केलेला तो दाराएवढा फोटो, कबुतरांसकट. आणि फोटोच्या वर पायऱ्यापायऱ्यांनी बारा पावांचं नाव. बाजूला खुर्ची टाकून दोन्या रेफुहियो जपमाळ घेऊन बसल्या.

उर्रुतिया आलाच. कागद घेऊन, मागं दोन माणसं. पण वेदी दिसली, धूर नाकात गेला, काळ्या कपड्यातली म्हातारी दिसली, आणि आमच्याकडच्या कुठल्याही माणसाचं होतं तेच त्याचं झालं. हात आपोआप टोपीकडे गेला. त्यानं क्रूसाची खूण केली, पुढं येऊन सासूबाईंचे हात हातात घेतले. "दोन्या रेफुहियो, तुमच्या दुःखात सहभागी आहे." मग ओब्दुलियाचे. मग माझे. मागच्या दोघांनीही रांगेनं तेच केलं. मग त्यानं हळूच विचारलं, "कोण गेलं?"

"पाटी," सासूबाई म्हणाल्या. "तूच तर मारलीस."

बिचारा! पण आता काय करणार? जप्ती आधी करायची असते. सांत्वन करून झाल्यावर जप्ती करता येत नाही, एवढी लाज आमच्याकडे पालिकेतसुद्धा शिल्लक आहे.

"हे... हे फूटपाथवरून कधी उचलणार?" त्यानं कुजबुजत विचारलं.

"पाहुणा जेवून गेला की. तुझ्या घरी पाहुण्याच्या पुढ्यातलं ताट ओढतात का रे?"

तो गेला. जाताना टोपी हातातच होती.

इथपर्यंत प्रकरण आमच्या घराचं होतं. दुसऱ्या दिवशी दारात रांग लागली. सगळ्यांना आपापल्या मेलेल्या माणसांची नावं पाहिजेत, पावाची, लठ्ठ अक्षरात. शिंपीणबाई म्हणाल्या, "माझे हे फार गंभीर होते हो. त्यांची अक्षरं हसती नकोत."

सासूबाईंनी खुर्चीतूनच सांगितलं, "जिवंतपणी हसले नाहीत, आता हसू दे की."

एकीला दोन्ही नवऱ्यांची नावं हवी होती, पण पहिल्याची अक्षरं मोठी. एकाला काकाचं नाव हवं होतं आणि काका जिवंत होता; तो स्वतःच बरोबर आला होता, कसं दिसतं ते बघायला. 'एर्मेनेहिल्दो' नावाच्या आजोबांनी तर अर्धी भट्टी खाल्ली. बेकरीत रोजचा साधा पाव, बोलिल्यो, मिळेनासा झाला. ओब्दुलिया ओरडली, "म्हाताऱ्या, तुझ्या अक्षरांपायी गाव उपाशी राहायला लागलंय, आणि मेलेले तेवढे जेवतायत!" पण ती गुणगुणत होती. पाटी खरवडल्यापासून ती पहिल्यांदाच गुणगुणत होती. नगराध्यक्षांच्या बायकोचा ड्रायव्हरसुद्धा येऊन तिच्या वडिलांचं नाव घेऊन गेला, कागदात गुंडाळून, मागच्या दारानं.

आणि नेमकी सणाच्या दिवशी राजधानीची समिती आली. पांढरंफटक गाव, त्यात वीतभर तपकिरी पाट्या, आणि अंगणाअंगणांत, दारादारांत, दफनभूमीत थडग्याथडग्यांवर झेंडूत बसलेली माझी जाडी. समितीच्या बाईंनी एक 'एम' हातात घेऊन विचारलं, ही काय पद्धत आहे?

"आमची प्राचीन परंपरा," नगराध्यक्ष म्हणाले. ती परंपरा त्या दिवशी आठवड्याचीही झाली नव्हती.

त्यानंतर उर्रुतिया आमच्याकडे आला तो नवा टाय बांधून. "मास्तर, अभिनंदन! तुमचं अक्षर गावाचं अधिकृत अक्षर होणार. चौकात समारंभ, बँड, पदक. तुमची पाटी पुन्हा रंगवायची, पालिकेच्या खर्चानं. तुम्ही फक्त अक्षराचे नमुने द्यायचे आणि सही करायची."

मी काय सांगू? मी दोन दिवस गावातून असा चाललो की समोरून येणाऱ्यांना फूटपाथ सोडून उतरावं लागलं. मी स्वतःच माझ्या अक्षरासारखा झालो होतो. समारंभासाठी केस कापून घ्यायला मी क्रिस्पीनकडे गेलो.

त्यानं केस कापले. एक शब्द बोलला नाही. हवामान नाही, फुटबॉल नाही, बाजूनं कमी करू का हेही नाही. माझ्या मानेवर क्रिस्पीनचा वस्तरा आणि वर शांतता, हे मी जन्मात अनुभवलं नव्हतं. शेवटी मीच विचारलं, "काय झालं?"

त्यानं कात्रीनं आरशाकडे दाखवलं. आरशाच्या कडेला नोटीस खोचलेली होती. नवीन वर्षापासून गावातली प्रत्येक पाटी 'ला गोर्दा' अक्षरातच असेल. कुणालाही सवलत नाही. जुन्या पाट्या उतरवून जमा कराव्यात.

"वस्तरा उतरवायचाय," क्रिस्पीन म्हणाला. "तिथं तुमचं येणार."

"मला हे माहीत नव्हतं."

"असेल. अक्षर चांगलं आहे, मास्तर. मी कधी बोललो नाही, पण चांगलं आहे. फक्त ते माझ्या बापानं काढलेलं नाही." त्यानं माझ्या खांद्यावरचा पंचा झटकला. पैसे घेतले नाहीत. पैसे न घेणं मला फार लागलं.

घरी येऊन मी ओब्दुलियाला सांगितलं. ती तिचा एप्रन शिवत होती.

"सही नाही केली तर?" तिनं विचारलं.

"तर आपली भिंत पांढरीच राहील. कायमची. नगराध्यक्ष सोडणार नाहीत."

"मला पाटी पाहिजे रे," ती म्हणाली. "रोज पहाटे दार उघडून त्या भिंतीकडे बघते तर वाटतं, बाबांचं दुकान नाहीच हे, दुसऱ्याच कुणाचं तरी आहे." मग तिनं एप्रनच्या खिशातून तो निळा तुकडा काढला आणि टेबलावर ठेवला. "पण क्रिस्पीनच्या दाराखाली असा तुकडा पडायला नको. माझ्या नावानं तर नकोच. जाडी म्हणजे मी ना?"

"तूच."

"मग मी नाही म्हणते."

समारंभाला अख्खं गाव होतं. व्यासपीठावर फुगे, आणि पडद्याआड नव्या पाटीचा नमुना. ती पाटी सार्वजनिक शौचालयाची होती, हे मला नंतर कळलं. नगराध्यक्षांनी माझी थोरवी सांगितली, मला कलेचा सेवक म्हटलं, आणि पेन पुढं केलं. "मास्तर, सही."

"नाही," मी म्हणालो.

मायक्रोफोननं किंकाळी फोडली. नगराध्यक्षांना वाटलं मला ऐकू आलं नाही. त्यांनी बोटानं जागा दाखवली.

"जागा दिसतेय," मी म्हटलं. "सही करणार नाही. हे अक्षर मी माझ्या बायकोच्या पिठाकडे बघून काढलं. ते हसतं म्हणून तुम्ही खरवडलंत. आता सगळ्यांनी हसायचं म्हणून हुकूम काढताय. हुकमानं हसणारं अक्षर माझं नाही! डोन क्रिस्पीनच्या दारावर त्याच्या बापाचा वस्तरा राहील. शिंप्याच्या दारावर शिंप्याची कात्री राहील. दफनवाल्यानं वाटेल तितकं रडकं अक्षर लावावं. ज्याची भिंत त्याचं अक्षर. माझं मी घेऊन चाललो."

एकदम शांतता पसरली. बँडवाल्यांना भाषण संपल्याच्या शांततेवर वाजवायला सांगितलेलं होतं. त्यांनी वाजवलं. जोरात. त्या गदारोळात नगराध्यक्ष माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "तुझ्या भिंतीवर जन्मात अक्षर येऊ देणार नाही, मास्तरड्या." मायक्रोफोन चालूच होता. चौकानं ऐकलं, चर्चच्या पायऱ्यांनी ऐकलं, आणि मागच्या रांगेतून क्रिस्पीन ओरडला, "माझ्या भिंतीवर काय येऊ द्यायचं ते कोण ठरवणार मग?" त्यावर जो हशा पिकला त्यापुढं बँडचं काही चाललं नाही.

बक्षीस दुसऱ्याच गावाला गेलं. सक्ती बारगळली. वस्तरा जागेवर राहिला. पालिकेनं एक ठराव मात्र मन लावून केला. तो आमच्यापुरताच आहे: 'ला कोन्स्तान्सिया' बेकरीच्या भिंतीवर, दारावर किंवा फूटपाथवर कुठलंही, कोणत्याही जाडीचं अक्षर रंगवू, चिकटवू, टांगू अथवा मांडू नये. वेदीसकट. मी ठराव वाचला तेव्हा मला पुन्हा एकदा जाणवलं की उर्रुतियाला समासही सरळ आखता येत नाही.

पण त्यात काचेच्या कपाटाबद्दल काही नव्हतं. विकाऊ मालाबद्दलही नव्हतं.

आता रोज पहाटे ओब्दुलिया भट्टीतून बारा अक्षरं काढते आणि रस्त्याकडच्या काचेआड मांडते. खांद्याला खांदा लावून. सात वाजता पाटी पूर्ण असते, चौकातून दिसते. मग गिऱ्हाइकं दारातलं ताट आणि चिमटा उचलून आत येतात आणि पाटी कमी व्हायला लागते. शाळेतल्या पोरांना 'एस' लागतो, शिंपीणबाईंना 'टी'. दोन्या रेफुहियो 'आय'वरचा गोल मोडून चॉकलेटमध्ये बुडवतात आणि म्हणतात, माकारियोची पाटी अशी खाता येत नव्हती.

उर्रुतिया पहिल्याच दिवशी पंचनाम्याला आला. काचेपुढं उभा राहिला.

"मास्तर, ही पाटी आहे."

"हा पाव आहे."

"पुरावा म्हणून जप्त करावा लागेल."

"चिमटा तिथं आहे," ओब्दुलिया म्हणाली. "कुठलं अक्षर देऊ?"

त्यानं 'ओ' घेतला. कचेरीत पोचेपर्यंत पुरावा उरला नाही. हल्ली तो रोज जप्तीला येतो. कॉफी घेऊन.

शेवटचा 'ए' मात्र आम्ही कुणाला विकत नाही. तो क्रिस्पीन घेऊन जातो आणि आपल्या खिडकीत, वस्तऱ्याच्या पाटीच्या बरोबर खाली ठेवतो. न्याहारीपर्यंत तो तिथं वस्तऱ्याकडे वाकून बघत असतो. मग क्रिस्पीन तो खातो, आणि पहिल्या गिऱ्हाइकाच्या गळ्याशी वस्तरा धरून सांगतो की मास्तरांनी हा 'ए' बाजूनं थोडा कमी करायला हवा होता.

दुपारपर्यंत गाव आमची पाटी खाऊन टाकतं. मग नगराध्यक्षांची गाडी जाते तेव्हा भिंत पांढरी, काच रिकामी, ठराव तंतोतंत पाळलेला. ओब्दुलिया आत उद्याचं पीठ भिजवत असते आणि गुणगुणत असते. मी अक्षरं कापायला बसतो. लठ्ठच.